आधी दुसरी डिस्क काढा

दुकानाचं शटर कायमचं खाली ओढलं त्याला आता दीड वर्ष होईल. तरी महिन्यातून एखादा फोन येतोच. "ताई, विंडोज नवीन टाकलं, पण पीसी चालूच होत नाही. काळ्या स्क्रीनवर पांढरी ओळ येऊन बसते." मी विचारते, "टाकताना आत डिस्क किती होत्या?" मग उत्तर येतं, "दोन." मी निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारते आणि खुर्ची ओढून बसते. यावरचा उपाय मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगता येईल. तो मी कोणाच्या जिवावर शिकले, हे मात्र आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, त्या लिहिते. पण एक गोष्ट गमतीची नाही आणि ती सोडून बाकीचं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून तीही लिहिते.

पनवेलला उरण नाक्याच्या आतल्या गल्लीत आमचं दुकान होतं. 'आमचं' हे आपलं सवयीने म्हणते, होतं माझं एकटीचं. हार्डवेअरचा कोर्स केला तेव्हा वर्गात बाई मी एकटीच, आणि दुकान काढलं तेव्हा गल्लीतही. पहिली दोन-तीन वर्षं येणारा प्रत्येक माणूस माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारायचा, "मालक कुठे गेलेत?" मी म्हणायची, "बसलेत ना समोर." त्यावर काही जण ओशाळून हसायचे, काही जण "मग नंतर येतो" म्हणून सटकायचे. सटकलेले दुसरीकडे मशीन बिघडवून पुन्हा माझ्याकडेच यायचे. तेव्हा मी मुद्दाम विचारायची, "मालकांना बोलावू?" माझी जीभ तिखट आहे, हे घरचेही सांगतील.

काय एकेक वरात यायची दुकानात. आता लॅपटॉप पिशवीतून येतो. तेव्हा संगणकाचा पांढरा, जाडजूड डबा, म्हणजे कॅबिनेट यायचा आणि तो चादरीत गुंडाळलेला असायचा. कोणी स्कूटरच्या पायाशी ठेवून आणायचं, कोणी एसटीत मांडीवर घेऊन. उरणजवळच्या करंजाचे एक गृहस्थ तर टेम्पोत मासळीच्या टोपल्यांच्या मध्ये बसवून आणायचे. तो उघडला की अख्ख्या गल्लीला वार्ता लागायची. खाडीकडच्या मशीनचं दुखणं ठरलेलं असायचं. खारा वारा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडायच्या आणि मशीन नुसतं बीप बीप करत बसायचं. औषध काय, तर शाळेतलं खोडरबर. पट्टी काढायची, खोडरबराने हळूच घासायची, फुंकर मारायची, परत बसवायची. मशीन सुरू. गिऱ्हाइकाला ते बघवायचं नाही. एवढ्या लांबून आणलं ते खोडरबरासाठी? म्हणून मी उगाच थोडा वेळ स्क्रू ड्रायव्हर फिरवत बसायची.

आमच्या हनीफभाईंची गोष्ट सांगते. बाजारात त्यांचं अत्तराचं दुकान, मुलगा दुबईला. दर जुम्म्याला नमाजनंतर मुलाशी व्हिडिओवर बोलायचे. एका शुक्रवारी रिक्षात कॅबिनेट घालून आले, घामाघूम. "ताई, मशीन एकदम खामोश झालंय. तिकडे बेटा वाट बघतोय, काहीतरी करा." मी वायर लावून चालू केलं. काळा स्क्रीन, पांढरी ओळ. मग कॅबिनेटच्या मागे हात घातला, एक पेनड्राइव्ह बाहेर काढला आणि परत बटण दाबलं. झालं सुरू. मशीन त्या पेनड्राइव्हवर सिस्टिम शोधत बसलं होतं, त्यावर होत्या नातवाच्या सुंता समारंभाच्या फोटोंच्या फाइली. हनीफभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "या अल्ला, म्हणजे मी हा धोंडा रिक्षातून फिरवून आणला?" मी म्हटलं, "भाई, आलाच आहात तर इथूनच बोला." माझ्या दुकानातून ते अर्धा तास बोलले. दुबईचा मुलगा मागे मला बघून विचारत होता, या बाई कोण. जाताना त्यांनी माझ्या मनगटाला अत्तर लावलं. त्या दिवशी दुकानाला सोल्डरिंगचा नाही, मोगऱ्याचा वास होता. असे दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

आता थोडं धंद्याचं सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. घाबरू नका, सोपं आहे.

संगणक चालू करता तेव्हा त्या बिचाऱ्याला काहीही माहीत नसतं. त्याला एवढंच शिकवलेलं असतं, की पहिल्या डिस्कच्या अगदी सुरुवातीला जा आणि तिथे काय लिहिलंय ते वाच. तिथे एक छोटासा मजकूर असतो. सिस्टिम अमुक ठिकाणी आहे, जा आणि तिला उठव. बस. डिस्क बूट होते, म्हणजे तिच्यावरून मशीन सुरू होतं, ते हा मजकूर जागेवर असतो म्हणून. तो नसला तर अख्खी सिस्टिम धडधाकट असून उपयोग नाही. पाहुणा पनवेल स्टँडवर उतरलाय, घरी जेवण तयार आहे, पण त्याला पत्ताच दिलेला नाही, तशातली गत.

गोची पुढे आहे. नवी सिस्टिम टाकताना मशीनमध्ये दोन डिस्क असल्या, तर सिस्टिम तुम्ही सांगाल त्या डिस्कवर जाते. पण हा पत्त्याचा मजकूर पुष्कळदा जुन्या डिस्कवरच जाऊन बसतो, कारण मशीनला तिथेच वाचायची सवय असते. दोन्ही डिस्क आत आहेत तोवर तुम्हाला पत्ताही लागत नाही. सगळं झकास चालतं. जुनी डिस्क बाहेर काढलीत की नवी उठायची बंद. म्हणून शहाणा कारागीर काय करतो? सिस्टिम टाकायच्या आधी दुसरी डिस्क काढून बाजूला ठेवतो. मी काय करायची? दोन्ही आतच ठेवायची. सिस्टिम टाकून झाली की जुन्या डिस्कवरचं सामान लगेच नव्यावर ओढता येतं, परत कॅबिनेट खोलायला नको. पंधरा-वीस मिनिटं वाचायची. त्या वाचलेल्या मिनिटांचा मला फार गर्व होता.

बारा-तेरा वर्षांपूर्वी हिराजी दुकानात आले. उरणकडच्या एका गावातले. वाडवडिलांची मिठागरं, त्यांची स्वतःची उमर त्यातच गेली. मीठ संपलं, जमीन संपादनात गेली, त्या पैशांत बंगला उभा राहिला, पण माणूस तसाच राहिला. खुर्ची दिली तरी टेकून न बसणारा. कॅबिनेट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, मशीन लय दमतंय. चालू केला का नुसता फिरतंय. आनि आतून टक टक वाजतंय."

मी कान लावला. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. म्हटलं, "नवी डिस्क टाकू, नवी सिस्टिम टाकू, जुन्यावरचं सगळं नव्यावर आणू."

"आना. पन एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "यात माज्या आयची गानी हायेत. नरेशनी भरलेली. पोरीचा लगीन हाय पुढच्या आठवड्यात. ती गानी मांडवात लावाची हायेत."

नरेश हा त्यांचा मुलगा, जहाजावर नोकरीला. आणि आई म्हणजे गोमाबाई. पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागातल्या आगरी लग्नांत धवलारीण लागते. मांडव घालताना, तांदूळ कांडताना, हळद लावताना, प्रत्येक वेळेची वेगळी गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात. ती धवलारणीच्या डोक्यात असतात, कागदावर नसतात. गोमाबाईंनी हजारो पोरींची लग्नं गाऊन लावली होती. आणि नातीचं लग्न ठरायच्या सहा महिने आधी अर्धांगवायूचा झटका आला. डावं अंग गेलं, वाचा गेली. नशीब एवढंच, की त्याआधी एका सुट्टीत नरेशने आजीला संगणकासमोर बसवून, माइक लावून, रोज दुपारी थोडी थोडी गाणी भरून ठेवली होती.

"पोरगी बोलली," हिराजी सांगत होते, "आजी नाय गाऊ शकत तर आजीचा आवाज तरी पायजे. नायतर दुसरी कोन नको."

हे सगळं मी ऐकलं. नीट ऐकलं, असं तेव्हा मला वाटलं होतं. त्या आठवड्यात दुकानात मशीनची रांग लागली होती. मी नवी डिस्क लावली, जुनी आतच ठेवली, सिस्टिम टाकली. मग जुन्यावरचं ओढलं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि अख्खा डी ड्राइव्ह. डी ड्राइव्हमध्ये 'साँग्स' नावाचं फोल्डर होतं, गच्च भरलेलं. हिराजी घ्यायला आले तेव्हा ते उघडून दाखवलं. "ही बघा गाणी." त्यांनी वाकून बघितलं, यादी संपता संपेना. समाधानाने मान हलवली. "सगला हाय." त्यातलं एकही गाणं आम्ही दोघांनी वाजवून बघितलं नाही.

"जुनी डिस्क नेणार?"

"मना काय कराची ती? टाका भंगारात."

भंगारात टाकायच्या आधी डिस्क पुसायची, हा माझा नियम. लोकांचे खासगी फोटो भंगारवाल्याकडून फिरल्याचे किस्से ऐकले होते. मी हिराजींना म्हटलं, बसा दोन मिनिटं, जुनी पुसते, मग काढून टाकते. फॉरमॅट दिला तर मशीन म्हणालं, ही डिस्क फॉरमॅट करता येणार नाही, सिस्टिम ती वापरते आहे.

इथे थांबायला हवं होतं. मशीन स्वच्छ सांगत होतं, की बाई, हिच्यावर काहीतरी आहे. पण मी चिडले. मला नाही म्हणणारं मशीन मला चालायचं नाही. डिस्क उपटून काढली, बाजूच्या टेबलावरच्या मशीनला लावली आणि तिथून फॉरमॅट मारला. तिथे ती कोणाच्याच कामाची नव्हती, त्यामुळे अडवायलाही कोणी नव्हतं.

इकडे हिराजींचं मशीन चालू केलं तर काळा स्क्रीन आणि पांढरी ओळ.

हिराजी माझ्या तोंडाकडे बघायला लागले. माझ्या लक्षात आलं काय झालंय ते, आणि खरं सांगते, मला जरा मजाच वाटली. म्हटलं, पत्ता जुन्या डिस्कवर गेला होता तर. सीडी घातली, नव्या डिस्कच्या भागाला खूण केली की इथून उठायचं, मग दुरुस्ती चालवली. एकदा चालवून भागत नाही, दोन-तीनदा चालवावी लागते. तिसऱ्या वेळेला मशीन सुरू झालं. हिराजी म्हणाले, "ताई, तुमचा हात देवाचा हाय." आणि मी ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नरेशचा फोन आला. लग्नासाठी आदल्याच दिवशी मुंबईत उतरला होता, घरी पोचल्या पोचल्या त्याने मशीन उघडलं होतं.

"दीदी, आजीची गाणी कुठल्या फोल्डरमध्ये टाकलीत?"

"साँग्समध्ये आहेत ना."

"ती डीजेची गाणी आहेत, दीदी. आजीचं रेकॉर्डिंग त्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये होतं. सी ड्राइव्हला."

जुन्या डिस्कचा सी ड्राइव्ह मी बघितलाच नव्हता. तिथे नुसती सॉफ्टवेअरं असतात, माणसांचं काही नसतं, असा माझा हिशेब. आणि ती डिस्क मी स्वतःच्या हाताने पुसून ठेवली होती.

"जुनी डिस्क आहे ना?" नरेश विचारत होता.

आणि मी म्हटलं, "आहे. पण ती आधीच मरायला टेकली होती, तुला बाबांनी सांगितलं असेल. बघते काय निघतंय ते."

यातला शब्दन् शब्द खरा होता आणि तरी ते खोटं होतं. डिस्क टक टक करत होती हे हिराजींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. माझ्यावर कोणीही बोट ठेवलं नसतं. धंद्यातली ही सगळ्यात जुनी पळवाट, आणि मी इतकी वर्षं ती वापरणाऱ्यांना नावं ठेवत आले होते.

फॉरमॅट मारला म्हणजे सगळं जातं असं नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं होतं, पानं आतच असतात, फक्त कुठलं कुठे ते कळत नाही. पानं वेचून काढणारी सॉफ्टवेअरं असतात. पण डिस्क धड हवी. ही तापली की अडखळायची. मी बाकीची सगळी कामं बाजूला ठेवली, डिस्कखाली दोन लाकडी ठोकळे ठेवले, समोर टेबल फॅन लावला आणि बसून राहिले. दोन दिवस. टक टक वाढली की बंद करायची, निवू द्यायची, परत सुरू. गिऱ्हाइकं यायची, मी म्हणायची पुढच्या आठवड्यात या. हनीफभाई सहज डोकावले, माझा अवतार बघून काही न विचारता समोरच्या टपरीवर चहा सांगून गेले. मी देवाचं फार करत नाही, पण त्या दोन दिवसांत डिस्कला हात जोडले.

एकतीस फाइली निघाल्या. नाव नाही, तारीख नाही, नुसते आकडे. पहिली वाजवली. आधी खरखर, मग नरेशचा आवाज, "बोल आजी," आणि मग गोमाबाई. म्हातारीचा आवाज कसा होता सांगू? गोड नव्हता. उघड्यावर, मांडवात, ढोलकीवर मात करून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला खणखणीत आवाज. मी दुकानात एकटी बसून रडले. बाहेर रिक्षावाले हॉर्न वाजवत होते.

नरेशच्या वहीत यादी होती. बत्तीस गाण्यांची.

कुठलं राहिलंय हे मला कळणं शक्य नव्हतं, धवल्यांतलं मला काय कळतंय. फाइली आणि स्पीकर घेऊन मी हिराजींच्या घरी गेले. लग्न तीन दिवसांवर आलेलं. अंगणात मांडव चढत होता. गोमाबाई ओसरीवरच्या खाटेवर टेकून बसलेल्या, हिरवं लुगडं, बारीक चण, उजवा हात मात्र राकट. त्यांच्याशेजारी नात बसली होती, प्रणाली, नवरी मुलगी. नरेश वही घेऊन खाली बसला.

मी एक फाइल लावायची. दोन ओळी झाल्या की गोमाबाई उजव्या हाताने खूण करायच्या. हात वर गोल फिरवला की मांडवाचं. मूठ खाली आपटली की तांदूळ कांडायचं. गालावर बोटं फिरवली की हळदीचं. नरेश वहीत टिक करायचा. स्वतःचा आवाज ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. परीक्षा घेतल्यासारखं ऐकत होत्या. एके ठिकाणी बोट नाचवून नापसंती दाखवली, तिथे बहुतेक सूर घसरला होता. प्रणाली हसली. दोन-तीन गाण्यांत मध्ये तुकडा गायब होता, पण गाणं कळत होतं.

एकतीस झाली. मी स्पीकर बंद केला. गोमाबाई वाट बघत राहिल्या. मग त्यांनी हात उंबऱ्याकडे केला आणि तिथून बाहेर नेला. एकदा, दोनदा.

नरेशने वहीतली शेवटची ओळ बघितली. "नवरी उंबऱ्याबाहेर पडताना म्हणतात ते," तो हळू म्हणाला. "हे आजी कधीच असंच म्हणायची नाही. म्हणायची, पोरगी घरातून निघत असेल तेव्हाच म्हणायचं, नाहीतर तोंडात आणायचं नाही. मी किती मागे लागलो तेव्हा दार लावून एकदा म्हणाली. एकदाच."

"दुसरी कोणी म्हणत असेल ना गावात?" मी विचारलं.

"ते तिच्या आयनी बांधलेला," हिराजी म्हणाले. "दुसऱ्या कोनाला नाय येत. आमाला तरी कुठं येतंय. त्या टायमाला जो तो रडत असतो, शब्द कोन ऐकतंय." मग माझ्याकडे बघून त्यांनी मलाच धीर दिला. "जाऊ द्या ताई. डिस्कच खराब होती. तुमचा काय दोष त्यात. तुमी दोन दिवस खपलात, एवढा काडलात, लय जाला."

मला गप्प बसता आलं असतं. खरंच आलं असतं. त्या घरातला प्रत्येक जण मला माफ करून मोकळा झाला होता. पण गोमाबाईंचा हात अजून उंबऱ्याच्या दिशेने तसाच होता.

"डिस्क खराब होती," मी म्हटलं, "पण गाणी तिच्यावर होती. मी न बघता पुसली. मशीनने नको म्हणून सांगितलं होतं, तरी पुसली."

प्रणालीने खाली बघितलं. नरेशच्या जबड्याची हालचाल मला दिसत होती. हिराजी उठले आणि अंगणात निघून गेले, मांडववाल्यांवर विनाकारण ओरडल्याचा आवाज आला. मी वायरी गुंडाळत होते. तेवढ्यात गोमाबाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. त्या काय म्हणत होत्या ते मला आजही सांगता येणार नाही. रागावल्या असतील तर तो त्यांचा हक्क होता.

निघताना फाटकाशी हिराजी उभे होते. पत्रिका हातात दिली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "या."

जावं की जाऊ नये, यात मी तीन दिवस घालवले. शेवटी गेले.

आगरी लग्न म्हणजे डीजेच्या भिंती. आत शिरताना छातीत धडधड व्हायला लागते. पण प्रत्येक विधीच्या वेळी नरेश डीजेवाल्याला हात करायचा, गोंगाट थांबायचा आणि मांडवभर गोमाबाईंचा आवाज यायचा. बायका पदर तोंडाला लावून ऐकायच्या. त्या स्वतः खुर्चीवर पुढे बसल्या होत्या, आणि मला बघितल्यावर त्यांनी शेजारच्या नातेवाईक बाईला उठवून मला तिथे बसवून घेतलं. सबंध लग्नात माझं मनगट त्यांच्या हातात होतं. गाण्याचा ठेका त्या माझ्या हातावर धरत होत्या.

निघायची वेळ झाली. प्रणाली घरात जाऊन देवाच्या पाया पडून आली, उंबऱ्याशी उभी राहिली. गाडी दारात. डीजेवाल्याने आपणहून एक पाठवणीचं सिनेमातलं गाणं लावलं. आणि माझ्या हातावर ठेका सुरू झाला. वेगळाच, त्या गाण्याशी काही संबंध नसलेला. मी वळून बघितलं. गोमाबाईंचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

हिराजींनी आईचे ओठ बघितले, माझ्या मनगटावरची बोटं बघितली. दोन ढांगांत डीजेपाशी गेले आणि वायरच काढली.

"थांबा सगले," ते म्हणाले. "आय गातेय."

मांडवात पाचशे माणूस असेल. पोरं गप्प झाली. वऱ्हाडातल्या कोणाला काही कळलं नसावं, पण तेही उभे राहिले. प्रणाली उंबऱ्याच्या आत, एक पाय पुढे, आजीकडे बघत. गोमाबाई गात होत्या. एक शब्द ऐकू येत नव्हता. पंख्यांची घरघर, लांब रस्त्यावरून कंटेनर जातोय, आणि माझ्या मनगटावर त्यांची बोटं. गाणं कुठवर आलंय हे त्या मांडवात फक्त मला कळत होतं. कडवं कुठे संपलं, कुठे दम घेतला, कुठे परत उचललं, सगळं हाताला कळत होतं. जे मी पुसलं होतं ते सबंध माझ्या हातावर वाजत होतं, आणि शब्द एकही नाही.

गाणं लांब होतं. कोणी हललं नाही. हिराजी हातात वायर धरून माझ्याकडे बघत होते, कारण संपल्याचं मीच सांगणार होते.

बोटं थांबली. मी मान हलवली. प्रणालीने उंबरा ओलांडला.